डाव्या कडेवर आठ हात

४ फेब्रुवारी

काका, नमस्कार.

दोन वर्षांनी पत्र लिहितेय आणि तेही कामासाठी, याची लाज वाटते. ती आधीच सांगून टाकली म्हणजे पुढचं मोकळेपणानं लिहिता येईल. फोन केला असता, पण फोन वहिनी घेतात, मी त्यांना ओरडून सांगते, त्या तुमच्या कानाशी ओरडून सांगतात, आणि एवढ्या ओरडण्यात क्लॅरिनेटचं दुखणं सांगून होत नाही.

तुम्ही बावीस वर्षांपूर्वी मला घासून दिलेला माउथपीस रविवारी पडला. सराव संपल्यावर पुसायला वाद्य खोललं, माउथपीस खुर्चीवर ठेवला, पाठ वळवली, तेवढ्यात कुणीतरी खुर्ची उचलून भिंतीशी नेली. फरशीवर खडू मोडल्यासारखा आवाज झाला. त्याच्यावर टोपी होती की नव्हती? सगळे म्हणतात, नसणार. मलाही तसंच वाटतं, पण शपथेवर सांगता येणार नाही. खुर्ची उचलणाऱ्याला दोष द्यायचा मोह झाला होता. दिला नाही.

टोकाचा टवका उडालाय. मी अजून पाणी तपासायच्या प्रयोगशाळेतच आहे, तिथे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं: पावणेदोन मिलिमीटर रुंद, पाऊण मिलिमीटर खोल. फुंकलं तर सूर निघतच नाही, नुसती वाफ गेल्यासारखी हवा जाते.

आता खरी अडचण. बँडला नवे मास्तर आलेत. बारा क्लॅरिनेटांचा आवाज एकसारखा यावा म्हणून त्यांनी एकाच मापाचे बारा प्लास्टिकचे माउथपीस मागवलेत. ते घेतील त्यांच्या खुर्च्या आहेत तिथेच राहतील. ज्याला स्वतःचाच वाजवायचा असेल त्यानं सोळा मार्चला एकट्यानं वाजवून दाखवायचं, मग मास्तर ठरवणार. सगळे निघायच्या बेतात असताना त्यांनी हे फळ्यावर लिहून जाहीर केलं. तेव्हा माझा माउथपीस फुटून दहा मिनिटं झाली होती, रुमालात गुंडाळून पर्समध्ये होता. आणि मी सगळ्यांसमोर उभी राहून म्हटलं, "मी माझ्याच माउथपीसवर वाजवणार."

खोटं नव्हतं ते. पण खरं म्हणायलाही जीभ अडते.

पहिली खुर्ची एकोणीस वर्षं माझी आहे. पार्सलनं पाठवू का?

तुमची पुतणी


९ फेब्रुवारी

शंकेखोर पोरी,

पाठवू नकोस. पाठवलास तर न उघडता परत करीन.

चार वर्षांपूर्वी शेवटचं वाद्य ज्याचं त्याला दिलं त्या दिवशी ठरवलं, जे ऐकू येत नाही ते दुरुस्त करायचं नाही. त्या गिऱ्हाइकानं माझ्यासमोर वाजवून पाहिलं आणि "सूर सुटतोय" म्हणाला. ते मी त्याच्या ओठांवरून वाचलं. चाखल्याशिवाय मीठ घालणारा आचारी आणि ऐकल्याशिवाय वाद्य देणारा कारागीर, दोघांना एकाच पायरीवर बसवून वर कुलूप लावावं.

आता माझं टेबल सूनबाईनं इस्त्रीला घेतलंय. हत्यारं खोक्यात, खोकं माळ्यावर आणि मला शिडीची बंदी. मुलगा म्हणतो, "बाबा, आता आराम करा." आराम म्हणजे काय करायचं असतं ते मात्र तो सांगत नाही.

प्लास्टिकला तोंड लावून अजून कुणी मेलेलं नाही. घे आणि खुर्ची सांभाळ. सत्तेचाळीस वर्षांची झालीस. फुटका माउथपीस पर्समध्ये ठेवून सभेत आव्हान देतेस! तुझे वडील माझे चुलतभाऊ, पण सख्ख्यापेक्षा सख्खे, तेही असेच. आधी बोलायचे आणि मग माझ्याकडे निस्तरायला यायचे.

काका

ता. क. टवका टोकाच्या कुठे उडालाय, मधे की एका अंगाला? काम करणार नाहीये. नुसतं विचारतोय.


१३ फेब्रुवारी

काका,

टवका मधोमध आहे. बाजूच्या कडांना लागलेला नाही.

माउथपीस पाठवत नाही. तुम्ही काम करू नका. काम मी करते, घरी, स्वयंपाकघरातल्या ओट्यावर. तुम्ही फक्त बघा आणि सांगा. तुमचे कान गेलेत, डोळे नाहीत. बघण्यासाठी सोबत एक कागद पाठवतेय: पांढऱ्या कागदावर कार्बन पेपर ठेवला, त्यावर माउथपीस, रीड बसते ती बाजू खाली करून, आणि अंगठ्यानं दाबला. जिथे टेकतो तिथे ठसा उमटलाय. असे तीन ठसे काढले, तिन्ही सारखेच आले, त्यातला स्पष्ट तो पाठवला.

एक कबुली. दोन-तीन वर्षं मी तो कोमट पाण्यानं धुतेय. कोमट म्हणते, पण खरं म्हणजे चांगलंच गरम. तुम्ही बजावलं होतं की एबोनाइटच्या कडक रबराला ऊन आणि गरम पाणी चालत नाही. आता त्याचा काळा रंग हिरवट झालाय आणि हुंगला तर आगकाडी विझल्यासारखा वास येतो. तर टवक्याव्यतिरिक्तही काही बिघडलेलं असेल आणि ते मीच बिघडवलेलं असेल.

तुम्ही म्हणता खुर्ची सांभाळ. पंधरा वर्षांपूर्वी बँडमधल्या बायकांनी पहिल्या रांगेत बसू नये, फोटोत बरं दिसत नाही, असं तेव्हाचे अध्यक्ष म्हणाले होते. तेव्हा मी बसून राहिले. त्या वेळी माझ्या तोंडात हाच माउथपीस होता. याला काही अर्थ आहे की मी उगाच अर्थ चिकटवतेय, कळत नाही. पण हातातला टाकून दुसरा घ्यायचा असेल तर तो मी ठरवून घेईन. कुणी डझनावारी आणलाय म्हणून नाही.

टवका कशानं भरू?

तुमची पुतणी


१८ फेब्रुवारी

शंकेखोर पोरी,

सूनबाई बाजारात गेली की मी भिंग काढतो आणि ती परतली की वर्तमानपत्राखाली सरकवतो. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी चोरून कागद बघतोय. तुझ्यामुळे.

लिहितो ते जसंच्या तसं कर. तुला माहीत असलेलंही लिहितो, कारण लिहिता लिहिता मी विचार करतो.

टवका आधी. एबोनाइटचं जुनं फाउंटन पेन शोध, फुटकं चालेल. त्याचं टोपण बारीक कानशीनं कीस, काळी पूड होईल. दोन नळ्यांतलं एपॉक्सी मिसळ, त्यात ती पूड कालव, दातात भरतात तसं टवक्यात भर. आतून प्लास्टिकच्या पातळ पट्टीचा आधार दे, नाही तर आत ओघळेल. भरताना थोडं जास्तच भर, मग घासून उतरवता येतं. कमी भरलं तर रडत बसावं लागतं. दोन दिवस हात लावायचा नाही. ओलं असताना तोंडात तर अजिबात नाही.

आता कडा. खिडकीच्या, म्हणजे रीड झाकते त्या भोकाच्या, दोन्ही बाजूंच्या दोन कडा टोकाकडे जाताना हळूहळू झुकत जातात. दोन्ही सारख्या झुकल्या तर वेताची पातळ रीड दोन्हीकडे सारखी बसते. तुझ्या ठशात डाव्या कडेची रेघ लांब आहे, उजवीची आखूड. म्हणजे डावी वर राहिलीय. गरम पाण्यानं फुगली असेल, तुझ्या कृपेनं.

जाड काच घे, तिच्यावर दोन हजार नंबरचा पाण्याचा पॉलिश पेपर पसर आणि ओला कर. माउथपीस डाव्या कडेवर जरासा कलता धर आणि आठ हात दे. एक हात म्हणजे पुढून मागे एकदाच. वजन फक्त माउथपीसचं, तुझं नाही. आठ म्हणजे आठ. नववा हात मारायचा मोह कारागिराला नेहमी होतो आणि माल नेहमी नवव्या हातालाच बिघडतो.

मग रीड बांध, मागचं तोंड तळहातानं बंद कर, आतली हवा ओढून घे आणि सोड. रीड दोन सेकंद चिकटून राहिली आणि मग टप्पकन सुटली, तर जमलं.

आणि ठसा पाठव. मी काम करत नाहीये, हे घरात कुणी विचारलं तर लक्षात ठेव.

काका


२६ फेब्रुवारी

काका,

टवका भरला गेला. तुमच्या कृतीत एक अक्षर बदललं नाही. फुटकं पेन शेजारच्या निवृत्त हेडमास्तरांकडे मिळालं. ते किसताना माझा नवरा म्हणाला, "एवढ्या मन लावून तू कधी चहात आलं किसलं नाहीस." नखानं चाचपलं तर जोड लागत नाही.

पण रीड चिकटत नाही. हवा ओढली की लगेच सुटते, अर्धा सेकंदही नाही. वाजवलं तर मधल्या सुरांवर चीं करून ओरडतो. आधीपेक्षा वाईट.

चूक माझी. तुम्ही नीट लिहिलं होतं. घासताना हातात धरलं तेव्हा माझीच डावी-उजवी उलट झाली, आणि आठ हात भलत्या कडेवर पडले. नवा ठसा सोबत आहे. आता काय करता येईल तेवढं सांगा. काहीच करता येत नसेल तर तसं सांगा.

घाई करू नका. भिंग जपून वापरा.

तुमची पुतणी


२ मार्च

पोरी,

तू खोटं बोललीस.

सूक्ष्मदर्शकाखाली टवक्याची रुंदी मोजणारी, टोपी होती की नाही याची शपथ घ्यायला घाबरणारी, तीन ठसे काढून त्यातला एक निवडणारी, ती आठ हात उलट्या कडेवर मारणार? माझा आधी विश्वास बसला. मग बसेना. मग मी कवळी काढली. तिचा एक दात तुटलाय, समोर धरून पाहिलं तर डावीकडचा. मुलाच्या कपाटातून कार्बन पेपर घेतला आणि कवळी त्याच्यावर दाबली. कागदावर खिंडार उजवीकडे.

तुला हे कधी कळलं? पत्र लिहिण्याआधी कळलं, नाही का?

मी जन्मात कागद वापरला नाही. आमची रीत अशी की काचेला काजळी फासायची, वरून माउथपीस टेकवायचा आणि काच उचलून खालून बघायचं. खालून बघितलं की डावी ती डावीच राहते. तुझा कागद मी काचेसारखा वाचला. कागदातून खालून बघता येत नाही, ही अक्कल चाळीस वर्षं वाद्यं दुरुस्त केलेल्या माणसाला असायला हवी होती. तू माझं बोट धरून बरोबर डाव्या कडेवरच आठ हात दिलेस. वर होती ती उजवी.

तेव्हा चूक माझी. ती मला परत दे. मला फारसं काही उरलेलं नाही, निदान माझ्या चुका तरी माझ्याकडे राहू देत. बहिरा म्हण, तो मी आहेच. पण कीव करू नकोस. कीव मला कागदातूनसुद्धा दिसते.

आता काम. डावी आणखी खाली गेलीय. उजवी तिच्या पातळीला आणायची तर चौदा हात. त्यानं टोक उघडं पडेल, रीड आणि टोकामधली फट मोठी होईल. माउथपीस वाजेल, पण आवाज बदलेल. मोठा होईल, थोडा खरखरीत होईल. हळू वाजवणं जड जाईल. अकरा प्लास्टिकवाल्यांच्या मधे तो लपणार नाही.

काका म्हणून विचारशील तर सांगतो, प्लास्टिक घे. कारागीर म्हणून विचारशील तर उजव्या कडेवर चौदा हात. उजवी म्हणजे माउथपीस तुझ्यासमोर, टोक वर, खिडकी तुझ्याकडे, आणि तुझ्या उजव्या हाताला जी कडा येते ती. आता कागद नाही, काही नाही.

काका


८ मार्च

काका,

हो, आधीच कळलं होतं. सातव्या-आठव्या हाताला नाही, सगळं झाल्यावर, ठसा पुन्हा काढला तेव्हा. आखूड रेघ आणखी आखूड झालेली दिसली. तुमचं पत्र काढून चार वेळा वाचलं. मग लिहायला बसले आणि 'चूक माझी' लिहून मोकळी झाले.

कीव होती का? दोन दिवस स्वतःला हेच विचारतेय. थोडी असेल. पण जास्त भीती होती. तुम्हाला कळलं तर तुम्ही भिंग कायमचं ठेवून द्याल आणि पत्रं थांबतील, याची. म्हणजे तुमच्यासाठी खोटं बोलले असं मला वाटत होतं, आणि निघालं माझ्यासाठीच. तुमची चूक तुम्हाला परत करते. माफी मात्र मागते, ती माझी आहे.

चौदा हात दिले. प्रत्येक हाताला मोठ्यानं आकडा म्हटला. नवरा बाहेरून ओरडला, "लिलाव चाललाय का?" रीड बांधली, हवा ओढली. एक, दोन, आणि टप्प.

मग वाजवलं. काका, कसं सांगू? आधीचा आवाज खोलीत बसून बोलायचा. हा दार उघडून बोलतो. खालचे सूर असे येतात की ओट्यावरच्या वाट्या थरथरतात. शेजारचे हेडमास्तर गॅलरीत येऊन म्हणाले, "पेन सत्कारणी लागलं म्हणायचं." पण श्वास फार लागतो. दहा मिनिटांत ओठ दुखायला लागले. हळू वाजवायला गेलं की सूर काठावर येऊन थांबतो आणि ढकलावा लागतो.

आणखी एक सांगायलाच हवं. मास्तरांनी माझ्या वाटणीचा प्लास्टिकचा माउथपीस पाकिटात घालून दिलाय. न वापरताच त्याला नावं ठेवणं योग्य नाही म्हणून काल तासभर वाजवला. चांगला आहे. सोपा आहे, सुरात आहे, हळू वाजतो, जोरात वाजतो, तक्रारीला जागाच नाही. वाईट असता तर बरं झालं असतं. तो वाईट म्हणून मी माझा धरून बसलेय, असं सांगता आलं असतं. आता तसं सांगता येत नाही.

सोळाला आठ दिवस आहेत. मी माझ्यावरच वाजवणार आहे. का ते नीट सांगता येत नाही, तरी थांबावंसं वाटत नाही, हे पहिल्यांदाच.

तुमची पुतणी


१२ मार्च

पोरी,

फट मोठी झाली की नरम रीड घ्यावी लागते. तू सवयीनं जुन्याच नंबरची बांधली असशील. अर्ध्या नंबरनं उतर. श्वास वाचेल. आता माउथपीसला अजिबात हात लावू नकोस, पाण्याचासुद्धा. पुसायचा तो कोरड्या फडक्यानं.

कार्बन पेपरमुळे मुलाला सगळं कळलं. कपाटातला कागद, त्यावर दातांचा ठसा. त्याला वाटलं, डोकं फिरलं म्हाताऱ्याचं. घरात बरीच बोलाबोली झाली. मला एक अक्षर ऐकू आलं नाही, हा बहिरेपणाचा फायदा. शेवटी मी टेबलाशी जाऊन इस्त्री उचलून खाली ठेवली. सूनबाई बघत राहिली. मग तिनं खडू आणला आणि टेबलावर मधोमध रेघ ओढली. पलीकडचं तिचं, अलीकडचं माझं. मुलाला म्हणाली (हे ओठांवरून वाचलं), "तुम्ही मधे पडू नका."

छाती भरून वाजव.

काका


१७ मार्च

काका,

झालं एकदाचं. घडलं तसं लिहिते, कारण थांबले तर मी ते बरं करून लिहीन.

सरावाची खोली, मास्तर टेबलाशी, आणि हजेरी लिहायला आमचा ढोलवाला. बाकी अकरा जणांनी प्लास्टिक घेतलं होतं. वाजवून दाखवायला आलेली मी एकटी. मास्तर पस्तिशीचे असतील, उद्धट नाहीत. माझ्यासाठी पाणी ठेवलं होतं. तुम्ही म्हणालात तशी नरम रीड लावली होती. दोन तुकडे वाजवले, एक संथ, एक जलद. संथ तुकड्यात एका जागी सूर उशिरा उठला. जलद तुकडा निर्दोष झाला.

मास्तरांनी पेन्सिल खाली ठेवली. मग म्हणाले, "सुरात आहात. हात स्वच्छ आहे. पण मॅडम, हा आवाज रांगेत बसत नाही. बाकीचे अकरा एकीकडे आणि तुम्ही एकीकडे."

"मग रांगेबाहेर बसवा."

"रांगेबाहेर खुर्ची नसते."

"त्या काय भिंतीशी चौदा उभ्या आहेत."

ढोलवाल्याला खोकला आला. मास्तर हसले नाहीत. पण रागावलेही नाहीत. म्हणाले, "असं करा, प्लास्टिकवर हाच तुकडा वाजवा. पहिली खुर्ची तुमचीच, आत्ता लिहून देतो. त्याच्यात काही खोट आहे का?"

"नाही. वापरून पाहिलाय. चांगला आहे."

"मग?"

"मला हा हवाय."

"कारण?"

काका, तिथे मला एखादं छानसं वाक्य सुचायला हवं होतं. सुचलं नाही. म्हटलं, "कारण मी सांगायलाच हवं असा नियम तुमच्या फळ्यावर नाही. वाजवून दाखवा एवढाच आहे. ते दाखवलं."

त्यांनी हजेरीचं पुस्तक ओढून घेतलं आणि लिहिलं. पहिली खुर्ची गेली. मला तिसऱ्या रांगेतली शेवटची मिळाली, ढोलाला लागून. तिथे माझा आवाज ढोलाखाली दबेल, असा त्यांचा हिशेब असावा.

घरी येताना रडले. तेही लिहायला हवं.

तुमची पुतणी


२१ मार्च

पोरी,

एकोणीस वर्षांची खुर्ची गेली. माझ्या हातानं गेली, असं मी म्हणणार होतो. पण तू म्हणशील की हे मी माझ्यासाठीच म्हणतोय. म्हणून म्हणत नाही.

तिसरी रांग कमी समजू नकोस. पहिलीचा आवाज लोकांच्या तोंडावर जातो. तिसरीचा पुढच्यांच्या पाठीवर पडतो. मी तीस वर्षं वाजवणाऱ्यांच्या मागे उभा राहून ऐकलंय. मागचा सूर भक्कम असला की सगळ्यात आधी त्याच्याकडे वाकतात ते पुढचे.

पण नुसत्या जिद्दीनं जोरात वाजवू नकोस. जे लिहिलं असेल तेच वाजव. नाही तर मास्तर बरोबर ठरतील आणि आपण चूक.

सूनबाईनं पत्र मागून घेऊन वाचलं. म्हणाली, "ताईंना सांगा, रडायचं काही नाही. आणि टेबलाची रेघ मी एक वीत पलीकडे सरकवलीय."

काका


७ एप्रिल

काका,

उशीर झाला, कारण रविवारचा कार्यक्रम होईपर्यंत लिहायचं नाही असं ठरवलं होतं.

उद्यानातल्या चौथऱ्यावर वाजवलं. माझी खुर्ची इतकी कडेला की एक पाय चौथऱ्याबाहेर लोंबत होता. तिसऱ्या रांगेच्या वाट्याला चाल येत नाही, खालचे लांब सूर येतात. तुमचं ऐकलं. जिथे हळू लिहिलं होतं तिथे हळू वाजवलं, पोट आवळून, आणि कुठेही सूर उशिरा उठला नाही. मग शेवटच्या तुकड्यात, सगळ्यांच्या कागदावर जोरात वाजवायची खूण आहे तिथे, जोरात वाजवलं.

पुढच्या रांगेतल्या दोन माना वळल्या. मास्तरांनी डाव्या हाताचा तळवा माझ्याकडे करून खाली दाबला. मी पाहिला. मग कागदाकडे पाहिलं आणि तशीच वाजवत राहिले. सोळा मात्रा. ढोलवाल्यानं ढोल हलका केला, कशासाठी ते त्याचं त्याला माहीत.

संपल्यावर मास्तर वाद्यांच्या पेट्यांमधून वाट काढत माझ्यापर्यंत आले.

"मी हात खाली केला होता."

"पाहिला."

"मग?"

"कागदावर जोरात लिहिलंय."

"मी दाखवतो ते वाजवायचं असतं, मॅडम."

"बरोबर आहे तुमचं," मी म्हटलं, आणि ते बरोबर होतंच. "तर कागदावर तसं करून द्या. तुमच्या हातानं ती खूण खोडा आणि तिथे हळू लिहा. फक्त माझ्या कागदावर नाही, बाराही कागदांवर. मग मी सगळ्यांइतकं हळू वाजवीन."

त्यांनी माझ्या स्टँडवरचा कागद उचलला, त्या ओळीवर बोट ठेवून उभे राहिले, आणि घडी घालून खिशात टाकला. मी बेशिस्त वागले का? रविवारपासून विचार करतेय. वागले असेन. उद्या तसाच हात आला तर काय करीन, तेही माहीत आहे.

काल सराव होता. माझ्या स्टँडवर कागद परत आला होता. घडीची रेघ तशीच होती. मी ती ओळ शोधली. जोरात वाजवायची खूण खोडलेली नव्हती.

तुमची पुतणी